सात नंबरचे हिरवे दाणे

४ मार्च

मुंगे,

बाटल्या पोचल्या. आठही शाबूत आहेत, बुचं घट्ट आहेत, आणि आतले हिरवे दाणे इतके स्वच्छ निवडलेले आहेत की मला उगाचच राग आला. एवढं बारीक काम केलंस आणि सोबत दोन ओळींची चिठ्ठी टाकायला जमलं नाही? खोक्यावर माझं नाव टाइप करून चिकटवलंयस. हाताने लिहिलं असतंस तर बोटं झिजली असती का?

तू म्हणशील, नियम तुमचाच आहे. आहेच. मोजणाऱ्याला दगड कुठला ते कळता कामा नये, बाटलीवर नुसता नंबर हवा, ठिकाणांची यादी दगड गोळा करणाऱ्यापाशीच राहावी, हे या प्रयोगशाळेत मीच सुरू केलं. मनात उत्तर धरून मोजायला बसलं की मशीनसुद्धा लाडात येऊन तेच उत्तर देतं, असं मी तुला तू पहिल्या वर्षाला असताना सांगितलं होतं. पण 'बाबा, कसे आहात' असं लिहू नये, हे त्या नियमात कुठेही म्हटलेलं नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेल उघडतेस की नाही देव जाणे. आईशी तासभर खिदळत बोलतेस आणि माझी चाहूल लागली की 'बरं, ठेवते' म्हणतेस. आपल्या घराच्या भिंती पातळ आहेत. म्हणून कागद काढला. कागद तू फेकून देत नाहीस, तुझ्या खोलीतले शाळेपासूनचे गठ्ठे साक्षीला आहेत.

भांडण तरी केवढंसं होतं? जेवणाच्या टेबलावर तुझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण वाचताना मी 'हे बालिश आहे' एवढंच म्हणालो. तू म्हणालीस, 'तुमची कल्पना तुमच्याबरोबरच म्हातारी झालीय.' आणि महिना उलटायच्या आत दुसरं गाव, दुसरी संस्था, दुसरे मार्गदर्शक. सुरुवात कोणी केली ते जाऊ दे. (तू केलीस.)

दुसरीकडच्या मशीनला वर्षभराची रांग आहे म्हणून तू बाटल्या माझ्याकडे पाठवल्यास, मायेपोटी नव्हे, एवढं मला कळतं. एप्रिलच्या अखेरीस तुझी तोंडी परीक्षा आहे, शेवटचं प्रकरण या आकड्यांवाचून अडलंय, आणि परीक्षा पार पडली की तिथेच कायमची जागा तुझी वाट बघतेय, हे सगळं आईकडून समजलं. काळजी करू नकोस. काम चोख होईल.

आईने कपाट आवरताना तुझा बोडकी टेकडीवरचा फोटो शोधून काढला आणि फ्रिजवर लावला. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा, हातात डोक्याएवढा दगड. तुला मुंगी म्हणायला लागलो ते त्याच दिवसापासून. ही टेकडी पृथ्वीच्या पार पोटातून आलीय असं मी म्हणालो होतो, आणि तू ते पोट बघायला वाकलीस तेव्हा बूट भेगेत गेला. तो अजून तिथेच असेल.

बाबा

११ मार्च

होऊ घातलेल्या डॉक्टरीणबाई,

एक ते चार झाले. आकडे सोबतच्या कागदावर आहेत, पण तुला धीर निघणार नाही म्हणून इथेच लिहितो: चारही सहाच्या आसपास. कोणी सहाच्या केसभर वर, कोणी केसभर खाली. चारही तुझ्या बाजूचे.

माझ्याकडे एक नवीन सहकारी आलीय. भौतिकशास्त्रातली आहे, दगडांशी तिचा संबंध ठेच लागण्यापुरता. प्रत्येक वाक्य 'एक शंका आहे' असं सुरू करते म्हणून सगळे तिला शंकाबाई म्हणतात, तीही ओ देते. तिला पहिल्या दिवशी सगळं मुळापासून सांगावं लागलं. म्हटलं, हेलियम दोन प्रकारचा. हलका हेलियम पृथ्वी घडली तेव्हाच आत कोंडला गेला, पुढे नव्याने जवळजवळ झालाच नाही. जड हेलियम मात्र युरेनियम आणि थोरियम झिजून रोज थोडाथोडा तयार होतोच आहे. खंडाच्या बुडाला जो जुना थर चिकटून बसलाय, त्यात युगानुयुगं जड हेलियम साठत गेला, त्यामुळे हलक्याचा वाटा कमी; हवेत असतो त्याच्या सहापट, एवढाच. त्याच्या कितीतरी खाली, जिथे कधी फारशी ढवळाढवळ झालेली नाही, तिथे जुना हलका हेलियम अजून टिकून आहे. तिथून आलेला लाव्हा दहापटीच्या वर जातो. लाव्हा थंड होताना त्यात हे हिरवे ऑलिव्हीनचे दाणे धरतात आणि त्या वायूचे बुडबुडे पोटात ठेवून घेतात. आपण निर्वातात दाणे चिरडतो, बुडबुडे फुटतात, मशीन मोजतं.

तिने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, एक शंका आहे, म्हणजे सहा आले तर तुमची मुलगी जिंकली आणि दहाच्या वर गेले तर तुम्ही? मी तिला विज्ञानात हारजीत नसते यावर बराच वेळ ऐकवलं. मग ती बघतच राहिली, तेव्हा म्हटलं, हो.

खरं सांगायचं तर पोटॅशियम आणि बेरियमच्या तुझ्या आलेखांनीच मी आधी धास्तावलो होतो. एवढं पोटॅशियम कोऱ्या, खोलवरच्या खडकातून येणं कठीण, हे मलाही दिसतं. बुडाच्या त्या थरात पूर्वी कधीतरी पाणी आणि क्षार मुरले, मग खंड ताणलं गेलं, दाब उतरला, मुरलेला थर आधी वितळला आणि खचदरीतला सगळा लाव्हा तिथूनच आला, खालून काही यायची गरजच नव्हती: वाचायला छान आहे. बालिश हा शब्द मी मागे घेत नाही, पण तेव्हा मला भूक लागली होती एवढं तू लक्षात घे.

माझं म्हणणं तुला पाठ आहे. ताणलं म्हणून एवढी आग लागत नाही. खालून, फार खालून, कढत झोत वर यायला हवा. तीस वर्षं हे सांगतोय, आणि तीस वर्षं लोक विचारताहेत, मग हेलियम कुठाय? या खचदरीतल्या जुन्या दगडांत वायूच इतका थोडा की कधी धड आकडा मिळाला नाही. तुझ्यासारखे दाणे मला कोणी निवडून दिले नाहीत.

आई म्हणते मी घरात येरझाऱ्या घालतो आणि गुडघा दुखतो म्हणून तिच्याकडेच कुरकुरतो. फिजिओथेरपिस्ट बायकोशी लग्न केल्याचा हा तोटा, की दुखण्याचं कारण तिला आधी कळतं. चहा थंड झाला. राहिलेले चार पुढच्या आठवड्यात.

बाबा

१७ मार्च

मुंगे,

पाच सहा. सहा साडेपाच. आठसुद्धा सहा. (पाच, सहा आणि आठ हे बाटल्यांचे नंबर, पुढचे आकडे पट. नुसते आकडे लिहिले की असा घोळ होतो.)

सात राहिलाय. मशीनची जरा कुरकुर आहे. पंप तापतोय. भुकटी वितळवायच्या भट्टीची तारही गेलीय, ती मागवावी लागेल. उशीर झाला तर माझ्यावर खापर फोडू नकोस.

इथे उकाडा वाढलाय. पलीकडच्या इमारतीचं काम सुरू आहे, दिवसभर ठोकाठोक. खिडकी लावली तर घुसमटतं, उघडली तर धूळ येते, आणि धूळ आली की शंकाबाई रुमाल घेऊन माझ्या मागे. मी तिला दोनदा बाहेर काढलं. आज डबाही तसाच परत नेला, आईने नुसता डबा उघडून बघितला.

एक सहज विचारतो. दगड कसे घेतलेस? लाव्हाच्या माथ्यावर जे सुटे पडलेले असतात त्यांतले उचललेस, की फोडून आतून काढलेस? ऊन फार असतं तिथे. शिवाय तू एकटी, पाठीवर ओझं. अशा वेळी कोणीही हाताला लागेल तो उचलतो, त्यात काही वावगं नाही. नियम मोडून ठिकाण विचारत नाहीये. कुठला ते सांगू नकोस, उघड्यावर होता की आत, एवढंच कळव. खास करून सातचं.

बाबा

२१ मार्च

मुंगे,

सात झालेला आहे. मागचं पत्र लिहिलं तेव्हाही झालेला होता.

चौदा.

मी तो आकडा पाहिला तेव्हा शंकाबाई पंपाशी वाकलेली होती. मी खुर्चीवरून उठलो आणि टेबलाला एक गिरकी घेतली. या गुडघ्यावर. ती म्हणाली, सर, बरं वाटतंय ना? मी म्हटलं, आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तीस वर्षं, मुंगे. सभांमध्ये लोक माझं बोलणं सुरू झालं की चहाला उठायचे. तुझ्या नव्या मार्गदर्शकांनी एकदा मला 'झोतवाले' म्हणून ओळख करून दिली होती आणि सगळा हॉल हसला होता, तूही त्यात होतीस. खंडाच्या बुडाचा थर काही केलं तरी चौदा देत नाही, हे त्यांना मान्य आहे, तुला मान्य आहे, तुझ्या पहिल्याच प्रकरणात तूच लिहिलंयस. एक चौदा पुरे. मी दुसरी गिरकी घेतली.

मग खाली बसलो. तुझं ते वाक्य आठवलं: 'सगळा लाव्हा बुडाच्या थरातून आला असून खालच्या झोताचा कुठेही मागमूस नाही.' या 'कुठेही'वर अख्खा प्रबंध उभा आहे. तोंडी परीक्षेत चौदा समोर ठेवला तर पहिलाच परीक्षक तो शब्द धरेल, आणि जागेच्या मुलाखतीला तू कशाच्या जोरावर जाशील? बाकी सातही बाटल्या तुझ्या बाजूने आहेत आणि ही एक तुला खाली बसवते. त्या दिवशी घरी आलो तर आईने विचारलं, काय झालं, कोणी गेलं का? मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं.

आता मागच्या पत्रातला सहज विचारलेला प्रश्न सहज नव्हता, हे तुला कळलंच असेल. तुला ठाऊक आहे तरी लिहितो, कारण लिहिताना मला बरं वाटतं. अवकाशातून येणारे किरण दगडावर सारखे आदळत असतात. दगड हजारो वर्षं उघड्यावर पडून राहिला तर त्या माऱ्याने त्याच्या दाण्यांत हलका हेलियम नव्याने तयार होतो. त्याचा पृथ्वीच्या पोटाशी काडीचा संबंध नसतो. दाणे जरा जास्त चिरडले तर तोही बाहेर पडतो आणि आकडा फुगतो. सातात वायू कमी होता. मी ठोके जास्त दिले. म्हणजे असं झालं असणं अगदी शक्य आहे.

दगड दोन पुरुष खोल गाडलेला असेल तर किरण पोचत नाहीत, आणि मग माझ्याकडे म्हणण्यासारखं काही उरत नाही. पण माथ्यावरचा असेल तर चौदाला काही किंमत नाही. तो यादीतून काढायलाच हवा, तसा शास्त्रातच दंडक आहे. तू फक्त 'माथ्यावरचा' एवढं लिही. मी पुढे काही विचारणार नाही.

बाबा

२८ मार्च

मुंगे,

उत्तर नाही. पोस्टमन दिसला की जिना उतरतो, मग वर येताना आई बघत असते म्हणून बिल आलंय का बघायला गेलो होतो असं सांगतो. काल तिने विचारलं, कसलं बिल? आपण सगळी बिलं फोनवर भरतो.

शेवटी तिला सगळं सांगितलं. ती पेशंटच्या पट्ट्या गुंडाळत होती. ऐकून म्हणाली, मग दोघंही बरोबर आहात की, सात तिचे आणि एक तुझा. हे काम न करणारी माणसं नेहमी असंच म्हणतात. मी म्हटलं, ती 'बहुतेक' लिहिती तर दोघंही बरोबर असतो, पण तिने 'कुठेही नाही' लिहिलंय, आणि तिला तसं छातीठोक लिहायला मीच शिकवलंय. आईने हातातली पट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाली, तुला हवं होतं ते मिळालं ना? मग तोंड असं का? मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना, मी ती सुरू होईपर्यंत बघत बसलो.

आता भट्टीचं. तार गेलेली नाही. भट्टी उत्तम चालू आहे.

शंकाबाई परवा म्हणाली, एक शंका आहे, चिरडून उरलेली सातची भुकटी आपण वितळवून का बघत नाही? किरणांनी झालेला हेलियम दाण्याच्या अंगातच रुतलेला असतो, चिरडताना त्यातला थोडाच सुटतो, मग वितळवलं की उरलेला सगळा बाहेर येईल, नाही आला तर चौदा खरा. तिने ते माझ्याच जुन्या व्याख्यानात वाचलंय. मी म्हटलं, तार गेलीय. तिने भट्टीकडे पाहिलं. भट्टीचा दिवा लागलेला होता. मग तिने वही उघडली आणि आजच्या तारखेपुढे 'तार गेली' असं लिहिलं, आणि ते मला तिच्या सगळ्या शंकांपेक्षा जड गेलं.

म्हणजे तुला विचारायची गरज नव्हती. सकाळी भुकटी भट्टीत ठेवली असती तर दुपारपर्यंत मला कळलं असतं. मला कळून घ्यायचं नाहीये. कळलं आणि चौदा खरा निघाला, तर तो मला लिहावा लागेल. तू 'माथ्यावरचा' म्हणालीस तर न वितळवताच काढून टाकता येईल. मी काय करतोय ते मला स्वच्छ दिसतं. लाज वाटायला हवी, ती वाटत नाही, हेच खुपतंय. तू लहान असताना पडलीस की मी आधी जमिनीला रागवायचो, तेवढंच हे आहे असं मनाला सांगतो.

अहवालाचे दोन कागद तयार करून टेबलावर ठेवलेत. एकात आठ ओळी आहेत. दुसऱ्यातही आठ आहेत, पण सातव्या ओळीत 'नमुना अपुरा' एवढंच. दोन्हीखाली सही राहिलीय. दिवसभर एकदा हा वर ठेवतो, एकदा तो. सोमवारी तुझ्या संस्थेकडे पाठवायचाच आहे.

एक शब्द, मुंगे. फोन नको, पत्र नको, आईला सांग, ती मला सांगेल. माझा नियम मी गुंडाळून ठेवलाय, तो मोडल्याचं पाप माझ्याच माथी.

बाबा

२२ एप्रिल

मुंगे,

तुझं पत्र त्या सोमवारच्या आधीच आलं, उत्तर लिहायला मला इतके दिवस लागले. पाकिटावर पत्ता पुन्हा टाइप केलेला, पण आत तुझं अक्षर. मी जिन्यातच उघडलं. मग वर जाऊन आईला वाचून दाखवायला घेतलं, अर्ध्यावर मला जमेना, पुढचं तिने वाचलं. ते मी तुलाच इथे पुन्हा लिहितो, कारण घाईत लिहिल्यासारखं वाटतं आणि तू काय लिहिलंयस ते तुला नीट कळावं असं मला वाटतं:

'बाबा, सात नंबर बोडकीचा आहे. माथ्यावरचा नाही. मागच्या अंगाला आता खडीची खाण झालीय, तिथे तीन पुरुष खोल, नुकत्याच फोडलेल्या कड्यातून मी स्वतः काढला. दुसरी कुठलीही टेकडी घेता आली असती. पण सगळे दगड मला सोयीच्या जागचे घेतले तर त्या मोजण्याला अर्थ काय? तुमचं खरं असेल तर ते कुठे सापडेल असा विचार केला आणि बोडकीवर गेले. आकडा ठेवा. ठिकाण पुन्हा विचारू नका, नियम तुमचाच आहे.'

आईने घडी घालून ते फ्रिजवर फोटोशेजारी लावलं आणि पेशंट आलाय म्हणून खाली गेली. पेशंट आलेला नव्हता, मी खिडकीतून बघितलं. बाईसाहेब फाटकाशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

त्यानंतर मी प्रयोगशाळेत गेलो आणि शंकाबाईला म्हटलं, तार मिळाली. तिने कुठून ते विचारलं नाही. भुकटी वितळवली. बाहेर आलं ते जवळजवळ काहीच नाही. किरणांचा हेलियम नाही, ठोक्यांचा दोष नाही. चौदा हा चौदाच आहे आणि तो पार खालून आलेला आहे. आठ ओळींच्या कागदावर सही केली, दुसरा फाडला. तो आनंदाने फाडला असं म्हणायला मला आवडलं असतं.

परीक्षा पुढे गेली आणि जागा दुसऱ्या कोणाला दिली, हे आईने कालच सांगितलं. 'कुठेही' हा शब्द काढून प्रबंध पुन्हा बांधायला वर्ष जाईल म्हणाली. तुझे मार्गदर्शक सात काढून टाक म्हणत होते आणि तू ऐकलं नाहीस, हेही ती म्हणाली. म्हणजे त्यांनी जे सुचवलं तेच मी सुचवत होतो, फक्त त्यांनी ते सरळ सांगितलं आणि मी तीन पत्रं खर्ची घातली. मी त्यांना आजवर बरंच काही म्हटलंय, आता कोणत्या तोंडाने म्हणू?

सगळीकडून अभिनंदनं येताहेत. ज्यांनी मला झोतवाले म्हणून हसून घेतलं तेच आता झोतवाले म्हणून भाषणाला बोलावताहेत. मी बरोबर होतो, मुंगे. हे वाक्य लिहायची मला इतकी वर्षं घाई होती, आणि आता लिहिलं तर आत काही हलत नाही. घरात बसवत नाही, प्रयोगशाळेत बसवत नाही, भाजी आणायला जातो आणि पिशवी रिकामी घेऊन परत येतो.

डोक्यात एकच घोळतंय. तू माझं खरं ठरेल अशी जागा शोधायला गेलीस. एकटी, उन्हात, खाणीत उतरून. मी मोठ्या, काळ्याभोर, माझ्या बाजूच्या टेकड्या पालथ्या घातल्या आणि तुझ्यासारखं म्हणणाऱ्यांचं कुठे खरं ठरेल असा विचार एकदाही केला नाही. तुझं म्हणणं वाचलं, चुका काढल्या, पण त्याच्यासाठी हातोडा उचलला नाही. हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. लिहिलं असतंस तर मी भांडलो असतो, म्हणून बरं झालं.

सुट्टी टाकलीय. मे महिन्यात मी तिकडे येतोय. तुझ्या दारात नव्हे, घाबरू नकोस, खचदरीत. आईने गुडघ्याला पट्टा दिलाय आणि तीन पुरुष खाली उतरायचं असेल तर आधी तिला फोन करायचा अशी तंबी दिलीय. माझं म्हणणं सपशेल खोटं ठरेल अशी एक जागा मला सांग. तुझ्या मते झोताचा वाससुद्धा नसेल अशी. तिथले आणि त्यांत मिसळायला दुसरीकडचेही दगड मी फोडतो, दाणे मी निवडतो. डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, तुझ्याइतके स्वच्छ निवडले जाणार नाहीत, तेवढं चालवून घे. मोजायचं तू. माझ्या खुर्चीवर बसून, माझ्या मशीनवर. शंकाबाईला सांगून ठेवलंय, ती म्हणाली, एक शंका आहे, तुम्ही गावाला असताना तुमची मुलगी आली तर जेवायला थांबेल का? मी म्हटलं, तिलाच विचार.

ठिकाणांची यादी माझ्याकडे राहील, तू विचारायची नाही. बाटल्यांवर नुसते नंबर असतील. खोक्यावर तुझं नाव मात्र मी हाताने लिहीन.

बाबा